लेन्स घ्यावी तरी कोणती?

पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि मुळा-मुठा नदी भीमेला कोठे मिळते ते शोधा. संगमाच्या अलीकडे दोन्ही नद्यांच्या बेचक्यात जो प्रदेश दिसेल, त्याला तिकडचे लोक ‘राहू बेट’ म्हणतात. दौंड तालुक्यातील राहू हे गाव याच भागातले. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. नद्यांचे पाणी असल्यामुळे येथे ऊस भरपूर, आणि ऊस आहे तेथे गुऱ्हाळेही आहेत.

समजा, राहूमधील एक तरुण छायाचित्रणाचा व्यवसाय करतो. लग्ने, बारशी, शाळेची स्नेहसंमेलने ही त्याची नेहमीची कामे. शिवाय गुळाच्या वेष्टनावर छापण्यासाठी गुऱ्हाळाची छायाचित्रे हवी असणारे गिऱ्हाईकही अधूनमधून येते. त्याच्याजवळ मिररलेस कॅमेरा आहे आणि त्या कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी लेन्स आहे. आता त्याला ‘प्रोफेशनल’ म्हणवली जाणारी स्टँडर्ड झूम लेन्स घ्यायची आहे. अशी नवी लेन्स लाखाच्या पुढे जाऊ शकते, कधी कधी कॅमेऱ्यापेक्षाही महाग पडते. ती कर्ज काढून घेतली आणि कामाला येईना, तर पुढचे एक-दोन लग्नसराईचे हंगाम केवळ हप्ते फेडण्यात जातील. अशा वेळी दुकानदाराच्या बोलण्यावर विसंबावे, की मित्राने घेतली तीच आपणही घ्यावी? दोन्हींची गरज नाही. समरूप त्रिकोण, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि अपूर्णांकांचा गुणाकार एवढे गणित येत असेल तर बराचसा निर्णय कागदावर करता येतो. म्हणजे तो तुम्हालाही करता येईल.

या लेखात काचेच्या एकेका तुकड्याला आपण ‘भिंग’ म्हणू, आणि अनेक भिंगे नळीत बसवून केलेल्या साधनाला, छायाचित्रकार म्हणतात त्याप्रमाणे, ‘लेन्स’ म्हणू.

प्रथम एक प्रयोग करा. वाचण्याचे साधे बहिर्वक्र भिंग घ्या. खोलीच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवा आणि बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट पडेल अशा रीतीने भिंग पुढे-मागे करा. (सूर्याकडे भिंग धरू नका, आणि भिंगातून सूर्याकडे तर कधीही पाहू नका.) झाड दूर असल्यामुळे भिंग व कागद यांमधील अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतरच होय. समजा ते १५ सेंमी भरले आणि भिंगाचा व्यास ५ सेंमी आहे. १५ ला ५ ने भागले की ३ येतात. छायाचित्रणाच्या भाषेत तुमचे भिंग ‘एफ/३’ झाले.

आता पुठ्ठ्याला मधोमध २.५ सेंमी व्यासाचे गोल भोक पाडून तो पुठ्ठा भिंगावर ठेवा. झाडाची प्रतिमा अर्धी कापली जाईल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. झाड पूर्ण दिसते, मात्र प्रतिमा अंधूक होते. व्यास निम्मा झाला म्हणजे क्षेत्रफळ चौथाई झाले आणि प्रकाशही चौथाईच उरला. भिंग आता एफ/६ झाले. आणखी एक गोष्ट नीट पाहा. प्रतिमा अंधूक झाली तरी तिच्या रेषा पूर्वीपेक्षा रेखीव दिसतात. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मधल्या किरणांशी नेमके एका बिंदूत मिळत नाहीत. पुठ्ठ्याने ते अडवले, म्हणून गोंधळ कमी झाला. महाग लेन्स महाग का, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते. मोठे छिद्र ठेवून भरपूर प्रकाश घ्यायचा आणि तरीही कडेच्या किरणांना शिस्त लावायची, हे एका भिंगाचे काम नव्हे.

झूम लेन्समध्ये त्यात आणखी एक अडचण असते. तिचे नाभीय अंतर बदलत असते, आणि प्रत्येक अंतराला ही शिस्त टिकली पाहिजे. त्यासाठी आतील भिंगांचे गट ठरावीक प्रमाणात पुढे-मागे सरकवावे लागतात. सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी अशी ‘व्हॅरो’ नावाची लेन्स १९३२ मध्ये आली. ३५ मिमी फिल्मच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी पहिली झूम, ‘झूमर’, १९५९ मध्ये निघाली. फ्रँक बॅक यांनी आखलेली ती लेन्स ३६ ते ८२ मिमी, एफ/२.८ होती. आजच्या स्टँडर्ड झूमची ती पणजीच म्हणायची. तरीही पुढे बरीच वर्षे धंदेवाईक छायाचित्रकार झूमवर फारसा विश्वास टाकत नसत. एकेका नाभीय अंतराच्या तीन-चार लेन्स गळ्यात अडकवून ते फिरत. यात बदल घडवला तो संगणकाने केलेल्या किरणांच्या आकडेमोडीने, नव्या जातीच्या काचांनी आणि काचेवरील लेपाने.

या लेपाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. उघड्या काचेवर प्रकाश पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. निकॉनच्या मिररलेससाठी २०१९ मध्ये आलेल्या २४–७० मिमी, एफ/२.८ लेन्समध्ये १७ भिंगे १५ गटांत बसवली आहेत. प्रत्येक गटाचे हवेला लागलेले पृष्ठभाग दोन, म्हणजे एकूण ३० झाले. आता ०.९६ ला ०.९६ ने तीस वेळा गुणत जा. उत्तर ०.२९ येते. म्हणजे लेप नसता तर शंभरातला ७१ भाग प्रकाश वाटेतच गळला असता! शिवाय तो नुसता वाया जात नाही. आतल्या आत उलटसुलट परावर्तित होऊन त्यातला काही शेवटी संवेदकावर येऊन पडतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरवतो. लेपामुळे परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आले असे धरले, तर ०.९९५ तीस वेळा गुणून ०.८६ येते. परावर्तनरोधक लेपाची ही युक्ती अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कारखान्यात शोधून काढली. गुऱ्हाळाच्या चुलाणातील जाळ चित्राच्या चौकटीत येतो, तेव्हा साध्या आणि उत्तम लेन्समधील फरक लगेच उघडा पडतो तो या लेपामुळे. काळोख काळा राहतो की राखाडी होतो, तेवढे पाहावे.

आता ‘मिररलेस’ या शब्दाकडे वळू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. तो वर उचलला जाण्यासाठी जागा सोडावी लागे. त्यामुळे कॅननच्या कॅमेऱ्यात लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४४ मिमी होते, तर निकॉनमध्ये ४६.५ मिमी. विचार करा, २४ मिमी नाभीय अंतराची लेन्स, आणि तिच्या मागे चाळीस मिमीपेक्षा जास्त जागा मोकळी सोडायची! ही कसरत करण्यासाठी जादा भिंगे लागत. मिररलेसमध्ये आरसाच काढून टाकला आणि हे अंतर कॅननने २० मिमी, सोनीने १८ मिमी, निकॉनने १६ मिमी इतके कमी केले. लेन्स आखणाऱ्यांना हातपाय पसरायला जागा मिळाली. त्याचा सर्वांत जास्त फायदा रुंद कोनाच्या टोकाला होतो.

एवढे कळले की आपल्या राहूच्या छायाचित्रकाराची आकडेमोड सुरू करता येईल. त्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक ३६ मिमी रुंद व २४ मिमी उंच आहे, म्हणजे ‘फुल-फ्रेम’ आहे, असे धरू. समरूप त्रिकोणांवरून चित्रात मावणारी रुंदी सहज मिळते. ३६ ला वस्तूच्या अंतराने गुणा आणि नाभीय अंतराने भागा. (संवेदक लहान, सुमारे २३.५ मिमी रुंदीचा असेल तर ३६ च्या जागी तो आकडा घाला. म्हणूनच त्या कॅमेऱ्यांची स्टँडर्ड झूम १६ ते ५५ मिमीच्या आसपास असते. तीवरचा आकडा पाहून ती कमी दर्जाची समजू नका.)

लग्न घराच्या अंगणात आहे. मागे भिंत असल्यामुळे छायाचित्रकाराला तीन मीटरपेक्षा मागे सरकता येत नाही. २४ मिमीला त्याच्या चित्रात ४.५ मीटर रुंदीची माणसे मावतात. २८ मिमीला सुमारे ३.८६ मीटर. दुकानात ‘चारच मिलिमीटरचा फरक’ असे ऐकू येईल, पण अंगणात तो ६४ सेंमी होतो. म्हणजे दोन्ही कडांचा एकेक पाहुणा अर्धा कापला गेला, आणि तो नेमका नवरदेवाचा मामा निघाला तर पुढचे काम हातचे गेलेच! दुसऱ्या टोकाला, ७० मिमीने तीन मीटरवरून १.५४ मीटर रुंदी मिळते. वधू-वरांच्या कमरेपासून वरच्या चित्राला ती पुरेशी आहे. मात्र स्नेहसंमेलनात रंगमंच दहा मीटरवर असेल, तर ७० मिमीला ५.१ मीटर रुंदी येते आणि १०५ मिमीला ३.४ मीटर. एकट्या नाचणाऱ्या मुलीचे चित्र टिपायचे असेल तर ७० मिमी तोकडी पडते.

म्हणजे २४–१०५ किंवा २४–१२० मिमीची लेन्स अधिक चांगली ठरली की! या लेन्स बहुधा एफ/४ असतात आणि २४–७० वाल्या एफ/२.८. आता प्रश्न उजेडाचा.

एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, हे प्रयोगात आपण पाहिले. ७० मिमीला एफ/२.८ म्हणजे २५ मिमीचे छिद्र, एफ/४ म्हणजे १७.५ मिमी, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सचे एफ/५.६ म्हणजे १२.५ मिमी. वर्ग करून पाहा. दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. साधी लेन्स २४–२८ मिमीला एफ/३.५ देते, पण झूम वाढवला की एफ/५.६ वर घसरते. धंदेवाईक लेन्स सर्व टप्प्यांवर एकच आकडा राखते, हे तिचे खरे लक्षण. दुकानात ती हातात मिळाली तर समोरून आत पाहत झूम फिरवा. आतले छिद्र ९ मिमीपासून २५ मिमीपर्यंत फुगताना दिसेल. पुढच्या भिंगांनी ते मोठे करून दाखवलेले असते!

गुऱ्हाळात भर दुपारीसुद्धा छपराखाली अंधार असतो. काहिलीवर वाफ दाटलेली असते आणि खरा उजेड चुलाणातल्या जाळाचा. गुळव्या उकळता रस ढवळत असतो, त्याचा हात थांबत नाही. समजा तेथे एफ/५.६ ला कॅमेरा १/६० सेकंदाचे उद्‌भासन मागतो. तेवढ्या वेळात हात हलून चित्रात त्याची नुसती फरफट उमटेल. एफ/४ ला १/१२५ मिळेल, एफ/२.८ ला १/२५०, आणि आता हात गोठल्यासारखा स्पष्ट येईल.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्थिरीकरण आहे, मग मोठे छिद्र कशाला?’ असे विचारले जाते. स्थिरीकरण छायाचित्रकाराच्या हाताचा कंप रद्द करते. गुळव्याच्या हाताची हालचाल ते कशी रद्द करणार? जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती हलत नाही, तेथे एफ/४ आणि स्थिरीकरण यांवर उत्तम काम होते. वरातीत नाचणाऱ्यांपुढे मात्र स्थिरीकरणाचा उपयोग नाही. फ्लॅश वापरता येईल हे खरे, पण फ्लॅश मारला की वाफ पांढरीफटक पडते आणि जाळाचा तांबूस रंग जातो, म्हणजे ज्यासाठी गुऱ्हाळात गेलो तेच हरवते. आयएसओचा आकडा दुप्पट करणे हा दुसरा मार्ग आहे. आजचे संवेदक तो पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला सोसतात. म्हणून एफ/४ पूर्वी जितकी अडचणीची वाटे तितकी आता राहिलेली नाही, असे माझे मत आहे. चित्र फोनच्या पडद्यावरच पाहिले जाणार असेल तर ती अडचण आणखी कमी होते.

शिवाय मोठ्या छिद्राला एक किंमत मोजावी लागते. ७० मिमीने तीन मीटरवरील वस्तूवर फोकस केला, तर एफ/२.८ ला पुढे-मागे मिळून सुमारे ३१ सेंमी खोलीपर्यंतच चित्र स्पष्ट राहते. एफ/४ ला ४४ सेंमी, एफ/५.६ ला ६२ सेंमी. वधू स्पष्ट आणि तिच्यामागे उभी करवली धूसर, हे एकट्या वधूच्या चित्रात शोभते, पण करवलीच्या आईला दाखवले तर तिला ते आवडणार नाही. घोळक्याचे चित्र एफ/५.६ किंवा एफ/८ लाच काढावे लागते, आणि तेथे एफ/२.८ साठी मोजलेले पैसे निष्क्रिय बसून राहतात.

मग आपल्या छायाचित्रकाराने काय करावे? त्याच्या मागच्या कामातच उत्तर दडलेले आहे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर नाभीय अंतर, एफचा आकडा, शटरचा वेळ आणि आयएसओ लिहून ठेवतो. गेल्या हंगामातील तीनशे चित्रे घ्यावीत आणि किती चित्रे कोणत्या नाभीय अंतराला काढली याचा स्तंभालेख काढावा. शिक्षकांनी हा उपक्रम वर्गात घेण्यासारखा आहे. कोणाच्याही घरी फोनने काढलेली चित्रे असतातच आणि त्यांतही हे आकडे मिळतात. सगळ्यात उंच स्तंभ साध्या लेन्सच्या शेवटच्या टोकालाच साचले असतील, तर अधिक लांब झूम हवी. आयएसओचा आकडा वारंवार कमाल मर्यादेला भिडला असेल आणि चित्रे हललेली असतील, तर एफ/२.८ हवी. दोन्ही असेल, तर पैशाची मर्यादा निर्णय देईल.

उन्हातली शेती, दिवसाची लग्ने आणि स्नेहसंमेलने ही मुख्य कामे असतील तर मी २४–१०५ किंवा २४–१२० मिमी, एफ/४ सुचवेन. रात्रीच्या वराती, हळदी आणि गुऱ्हाळे यांवर पोट असेल तर एफ/२.८ ला पर्याय नाही. कॅमेऱ्याच्याच कंपनीची एफ/२.८ परवडत नसेल, तर टॅमरॉनसारख्या केवळ लेन्स करणाऱ्या कंपन्यांची २८–७५ मिमी, एफ/२.८ बरीच स्वस्त पडते. फक्त ते ६४ सेंमी विसरू नयेत. आणि दोन-चार रात्रींसाठीच मोठे छिद्र लागणार असेल, तर पुण्यासारख्या शहरात लेन्स भाड्याने मिळतात. भाडे आणि हप्ता यांची बेरीज-वजाबाकी करून पाहावी.

वजनाकडेही दुर्लक्ष करू नका. लग्नात कॅमेरा दहा-बारा तास हातात असतो. सोनीची २०१६ सालची २४–७० मिमी, एफ/२.८ लेन्स ८८६ ग्रॅम होती. तिची २०२२ मधील दुसरी आवृत्ती ६९५ ग्रॅमची आहे. कॅननची २०१९ ची ९०० ग्रॅम, तर टॅमरॉनच्या २८–७५ ची दुसरी आवृत्ती ५४० ग्रॅम. हळदीच्या सकाळी हा फरक जाणवत नाही, पण वरातीच्या रात्री मनगटाला तो चांगलाच कळतो.

गुऱ्हाळात आणखी एक शत्रू असतो, चिपाडाची राख. झूम फिरवताना जी लेन्स लांब-आखूड होते ती भात्याप्रमाणे हवा आत-बाहेर करते आणि हवेबरोबर धूळही आत ओढते. चांगल्या लेन्सच्या मागच्या कड्याला रबराची बारीक चकती असते, सांधेही बंदिस्त असतात. त्याने धूळ कमी होते, पुरती थांबत नाही. गुऱ्हाळात लेन्स बदलायची नाही एवढा नियम पाळला तरी संवेदक पुष्कळ वाचतो. त्या दृष्टीनेही एकाच झूमवर सगळे काम उरकणे शहाणपणाचे आहे. गार हवेतून एकदम वाफेत शिरल्यास काचेवर दव धरते. तेव्हा आत गेल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे. पावसाळ्यात लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी देतात, पण तांदळाची पीठूळ धूळ लेन्सच्या सांध्यात शिरते.

शेवटी दुकानात करायची परीक्षा. समोर विटांची भिंत किंवा सपाट लावलेले वर्तमानपत्राचे पान धरा. २४, ५० आणि ७० मिमीला, सर्वांत मोठ्या छिद्राने, प्रत्येकी एक चित्र काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. सगळे कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर काळजी नको. तीन कोपरे स्पष्ट आणि चौथा पुसट, असे दिसले तर पान तिरके नव्हते ना ते तपासा आणि पुन्हा चित्र काढा. पुन्हा तेच दिसले तर आतले एखादे भिंग वाकडे बसलेले आहे, दुसरी लेन्स मागा. जुनी लेन्स घेत असाल तर तिचे छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्चचा झोत सोडा आणि पुढून थोडे तिरके पाहा. धुळीचे पाच-दहा कण दिसतील, त्यांनी चित्र बिघडत नाही. मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले तर ती बुरशी होय. ती काचेवरचा लेपच खाते, म्हणून अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.